बाजाराची वही कुणाच्या हातात?

 

हल्ली गटाच्या बैठकीत एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो. फोनवरून मागवलेली साडी, फोनवरून केलेला रिचार्ज, फोनवर आलेलं कर्जाचं आमिष. कुणी म्हणतं बाजार लई बदलला, कुणी म्हणतं आता आपलं काही चालत नाही. म्हणून आज आपण थोडं मागं जाऊन बघू. दीडशे वर्षांत बाजार कसकसा बदलत आला, दर वेळी कोणतं नवं यंत्र किंवा नवी रीत आली आणि त्यात बाईच्या हातात काय राहिलं, हे बघू. एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत धरून ठेवायचा. हिशोबाची वही कुणाकडं आहे, आणि ती आपल्याला वाचता येते का?

आपल्या आज्या-पणज्यांचा बाजार म्हणजे आठवडी बाजार. माळवं, मीठ-मिरची, बांगड्या, मडकी, लुगडी, शेळ्या, बैल सगळं एका दिवसात. त्या बाजारात बाईचं भांडवल म्हणजे तिचा डोळा आणि हात. वांगं दाबून बघायचं, ज्वारीचा दाणा दाताखाली धरायचा, मिरचीचा वास घ्यायचा. मापं असायची चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप शिगोशीग भरलं की हात फिरवून सपाट केलं, हे तिच्या डोळ्यांदेखत व्हायचं. फसवणूक तेव्हाही होती, पण ती पकडायला अक्षरओळख लागत नव्हती.

गावातला बराच व्यवहार तर पैशाविनाच चालायचा. सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावर बलुतं मिळायचं. तो काळ सोन्याचा होता असं आम्ही म्हणत नाही. कुणी कुठं बसायचं, कुणाच्या हातचं घ्यायचं, कुणाला किती वाटा, हे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. पण व्यवहार डोळ्यांसमोर होता, एवढं खरं.

मग बाजारात लांबचं यंत्र आलं. ते म्हणजे रेल्वे आणि तारयंत्र. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. शेजारी नगर आणि त्यापलीकडं पुणे जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. १८६१ ते १८६५ अमेरिकेत मोठं यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचा भाव चढला. हातात पैसा खेळू लागला, सावकारही उधार द्यायला पुढं आले. युद्ध संपलं आणि भाव उतरला. त्यात सरकारनं शेतसारा वाढवलेला. १८७० साली समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला येऊन भिडली आणि विलायतेतला कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला लगोलग कळू लागला. शेतकऱ्याला मात्र आपल्या मालाचा भाव कुठं ठरतो, कोण ठरवतो, हे कळायला मार्ग नव्हता. तंत्रज्ञानावर चालणारा बाजार आपण आजचा समजतो. त्याची सुरुवात अशी दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढं काय झालं ते ऐका. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरलं. शेतकऱ्यांना हवे होते कर्जाचे कागद. रोखे आणि वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या, हा मुख्य हेतू. का? तर त्या कागदावर त्यांचा अंगठा होता आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. किती घेतलं, किती फेडलं, व्याज कसं लावलं, हे सगळं एकाच्याच हातात होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कागदावर जे लिहिलंय तेवढ्यावर न थांबता कोर्टानं मूळ व्यवहार तपासावा, कर्जदाराला पावती मिळावी, हिशोब मागता यावा, अशा गोष्टी त्यात होत्या. हा कायदा पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांसाठी. आपण निजामाकडं, त्यामुळे आपल्याला तो लागू नव्हता. पण एक गोष्ट त्यातून कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे. वही बघायला मिळणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे, हे मान्य करून घ्यायला माणसांना एवढं करावं लागलं.

आपल्याकडं तर नाणंही वेगळं होतं. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा हिशोब. नगरच्या बाजूला काही विकायचं किंवा घ्यायचं म्हटलं की हा बट्टा आलाच. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. नंतरच्या काही वर्षांत हाली सिक्का गेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला.

याच काळात बाईच्या डोक्यातला सगळा हिशोब सरकारनं बदलला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता सव्वा पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस धरायचे. मग १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा जास्त. ज्या बाईला पायलीचा अंदाज हातानं यायचा, तिला आता तराजूच्या काट्याकडं बघून गप्प बसावं लागलं. नवी पद्धत चांगली होती, सगळ्या देशात एकच माप झालं. पण ती पहिल्यांदा ज्याला लिहिता-वाचता येत होतं त्याच्या फायद्याची होती. शिकायला पुढची पिढी लागली.

आता वहीकडं येऊ. किराणा दुकानातली उधारीची वही आपल्यापैकी प्रत्येकीनं बघितली आहे. तेल, चहापत्ती, साखर, साबण. दुकानदार लिहितो, आपण नेतो. पीक आलं की किंवा मजुरी मिळाली की द्यायचं. या वहीनं किती घरं अडचणीत तारली, हे विसरून चालणार नाही. दुकानदार आपल्याला ओळखतो, दुखणं-बाळंतपण बघून थांबतो. पण भाव विचारायची सोय नाही. उधारीवाल्यानं घासाघीस करायची नसते, हे न सांगता ठरलेलं.

आपल्या जिल्ह्यात त्याहून मोठी एक वही आहे, मुकादमाची. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. जाण्याआधी उचल मिळते. त्या उचलीत लग्न होतं, दवाखाना होतो, पावसाळ्यातली उधारी फिटते, पोरांचे कपडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काम दोघांचं. बाई पहाटे स्वयंपाक करून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पण उचल घेताना नाव पुरुषाचं, हिशोबाला बसणार पुरुष. सीझन संपल्यावर उचल फिटली की अंगावर राहिली, हे तिला नवऱ्याकडून कळतं. म्हणजे बाजारात जे खर्च झालं ते तिच्या घामातून आधीच वजा झालेलं, आणि ती वही तिनं कधी बघितलेलीच नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांची गोष्ट म्हणूनच आम्हाला जुनी वाटत नाही.

पुढचा बदल आला पुडीतून. पूर्वी दुकानात सगळं सुटं मिळायचं. मग छापील पाकिटं आली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवर विकायला सुरुवात केली. तिचं नाव निरमा. मोठ्या कंपन्यांची पावडर गरिबाच्या आवाक्यात नव्हती, ही कितीतरी स्वस्त. पुढं रेडिओवर आणि टीव्हीवर तिची जाहिरात घुमली आणि धुण्याच्या दगडावर खाराच्या जागी पावडर आली. रेडिओच्या विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या होत्या. म्हणजे आपल्याला काय हवंय हे सांगणारा आवाज घराच्या आत आला.

मग शाम्पूची पुडी. तामिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरायची कल्पना काढली, आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून चिक शाम्पू काढून ती खेड्यांपर्यंत नेली. या माणसांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. मजुरी करणाऱ्या बाईच्या हातात एकदम शंभर रुपये नसतात, आठवड्याच्या बाजाराला चार-दोन रुपये असतात. बाटली तिच्यासाठी नाही, पुडी तिच्यासाठी आहे. आज चहापासून सॉसपर्यंत सगळं पुडीत मिळतं ते याच हिशोबानं.

पुडी नेहमी महाग पडते असं समजू नका. कधी पुडी महाग असते, कधी बाटली. ते कळायला भागाकार करावा लागतो. किंमत भागिले वजन. आता बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमची किंवा एका मिलीची किंमतही छापलेली असते. बारीक अक्षरात असते, पण असते. पूर्वी माप शिगोशीग आहे का ते डोळा बघायचा. आता तेच काम हा छोटा आकडा करतो.

आणि मग आला फोन. देशातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा फोन आला तरी पैसे पडायचे. आपल्या गावांत फोन पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर थांबला नाही. २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, देशातलं पहिलं आधार कार्ड एका बाईच्या हातात पडलं. २०१४ साली जनधन खाती निघाली. २०१६ या एका वर्षात तर सगळं एकदम घडलं. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं, आणि ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. डाळीच्या डब्यात आणि कणगीत ठेवलेला बाईचा गुपचूप पैसा त्या दिवसांत बाहेर काढावा लागला, हे आपल्यापैकी कित्येकींना आठवत असेल. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद पडले, आणि ज्यांनी कधी फोनवर खरेदी केली नव्हती त्यांनीही ती केली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भाजीच्या हातगाडीवर पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा आता आपल्याकडंही ऐकू येतो. अक्षर न येणाऱ्या विकणारीला तो डबा मोठा आधार आहे.

गंमत अशी की या नव्या बाजारालाही आपल्या जुन्या सवयीपुढं वाकावं लागलं. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली पुस्तकं विकत सुरू झाली. न बघता आधी पैसे भरायला लोक तयार होईनात. म्हणून २०१० मध्ये तिनं माल दारात आल्यावर पैसे घ्यायची सोय केली. ही तर आपली आठवडी बाजाराचीच रीत. २०१५ साली सुरू झालेल्या मीशोनं आणखी एक ओळखलं, की बाई अनोळखी दुकानापेक्षा ओळखीच्या बाईचं जास्त ऐकते. म्हणून घरबसल्या बायांनी साड्यांचे फोटो आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकायचे, वर थोडा नफा धरून विकायचं, अशी पद्धत निघाली. हळदी-कुंकवाला साड्यांचं गाठोडं सोडणारी बाई आपण सगळ्यांनी बघितली आहे. तिचीच ही फोनमधली बहीण. यातून काही बायांना चार पैसेही मिळाले.

तोट्याचं सांगताना फायदाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. लहान गावात एकाच दुकानातला भाव मान्य करावा लागायचा, आता ताडून बघता येतो. जे सामान दुकानदार पुरुषाकडं मागायला लाज वाटायची ते निमूट घरी येतं. माल खराब निघाला तर परत करता येतो. बाजारात कुणी कुठं बसायचं ही जातीची रेघ फोनच्या पडद्यावर दिसत नाही.

पण वहीचं काय? इथं नीट ऐका. दुकानदाराच्या वहीत आपण काय घेतलं तेवढंच लिहिलेलं असायचं. फोनच्या वहीत आपण काय नुसतं बघितलं, किती वेळ बघितलं, कोणत्या वारी हातात पैसे असतात, कशावर बोट थांबलं, हेही लिहिलं जातं. त्यावरून उद्या काय दाखवायचं ते ठरतं. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’, असं दाखवून घाई केली जाते. शेवटच्या पानावर एखादा जादा आकार गुपचूप जोडला जातो. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. म्हणजे आपण भोळ्या म्हणून फसलो असं मानायचं कारण नाही. या युक्त्या ठरवून रचलेल्या असतात.

सगळ्यांत धोक्याचं आहे फोनवरचं झटपट कर्ज. समजा एखाद्या ॲपवर ३००० रुपये मागितले. ‘प्रोसेसिंग’ म्हणून ६०० कापून २४०० हातात आले आणि पंधरा दिवसांनी ३००० भरायचे. म्हणजे २४०० रुपयांवर पंधरा दिवसांचे ६००. आपल्या गटात शेकडा दोन रुपयांनी हेच २४०० घेतले तर पंधरा दिवसांचं व्याज होतं २४ रुपये. सहाशे कुठं आणि चोवीस कुठं! वर हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामी करण्याच्या धमक्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले आहेत. कर्ज देणाऱ्यानं सगळा खर्च आधी एका कागदावर स्पष्ट दाखवायचा, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात टाकायचे, आणि फोनमधले नंबर आणि फोटो उघडायचे नाहीत. जो हे पाळत नाही त्याच्या दारात जायचंच नाही.

आणखी एक प्रश्न घरातला आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये पात्र बहिणींच्या खात्यात येतात. खातं बाईचं, आधार बाईचं. पण फोन कुणाच्या खिशात? पिन कुणाला पाठ? पैसा आपल्या नावावर आला आणि वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली, तर मुकादमाच्या हिशोबात आणि या हिशोबात फरक काय राहिला?

याला उत्तर शोधताना आपल्याकडं इतिहासातली दोन चांगली उदाहरणं आहेत. पहिलं शहरातलं. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. मुंबईच्या पंचायतीत शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याचं सामान एकत्र मागवतात आणि आपसांत वाटून घेतात. एकटी बाई भाव करू शकत नाही तिथं पन्नास घरं मिळून करतात. पुढं १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ च्या नव्या कायद्यात फोनवरची खरेदीही आली.

दुसरं उदाहरण तर आपणच. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, त्यानंतर माविम आणि उमेदच्या वाटेनं गावोगाव गट उभे राहिले. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं सूत्र हिशोब लेखन. बैठकीत वही सगळ्यांसमोर उघडली जाते, मोठ्यानं वाचली जाते, जिला वाचता येत नाही तिलाही ऐकू येते. पणजीला मापाची शीग दिसायची, तशी आपल्याला आपली रक्कम दिसते. हा शंभर-दीडशे वर्षांत बाईच्या हातात आलेला पहिला हिशोब आहे. त्याची किंमत कमी समजू नका.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीसोबत फोनचीही वही उघडा. महिन्यात फोनवरून काय घेतलं, किती गेले, कोणता हप्ता आपोआप कापला जातो, हे प्रत्येकीनं मोठ्यानं सांगायचं. ज्या बहिणीचा पिन दुसऱ्याला ठाऊक आहे तिला बँक सखीच्या मदतीनं तो बदलायला शिकवायचं. तेल, डाळ, वह्या-पुस्तकं यांची दोन-तीन गटांनी मिळून खरेदी करून बघायची, आधी दुकानाचा भाव विचारायचा, मग फोनवरचा, मग ठरवायचं. गावातल्या दुकानदारालाही ती संधी द्यायची, कारण अडचणीच्या रात्री तोच दार उघडतो. माल सदोष निघाला आणि कुणी ऐकेना, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवरून पैसे गेले तर जराही वेळ न घालवता १९३०. हे दोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुप्याच्या शेतकऱ्यांना वही जाळावी लागली, कारण ती वाचायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडं नव्हता. आपल्याकडं आहे. वही मागायची, उघडायची आणि सगळ्यांनी मिळून वाचायची.

पुढच्या वेळी बोलू बियाणं आणि खताच्या पावतीबद्दल. तोवर रामराम.